बेटावर निघालेले काका

“आणि ती चुकली तर?”

असं विचारताना काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच ठेवायचे. उत्तर पटलं की चष्मा खाली. मँचेस्टरच्या ट्रॅमस्टॉपवर आमची पहिली भेट झाली तीच या प्रश्नावर. मी नवा होतो. शेजारी उभे असलेले गृहस्थ फोनवर मराठीत बोलताना ऐकले आणि हसलो. त्यांनी फोन ठेवला, गाव विचारलं. मी नागपूर सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला, “रोज कितीची ट्रॅम पकडता?” मी सांगितलं.

“आणि ती चुकली तर?”

“पुढची येते की, काका.”

चष्मा वरच राहिला. “येते,” ते म्हणाले, “पण तुम्ही ती येते असं धरून चालता.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्टेशनवर गाडीच्या आधी फार वेळ जाऊन बसणारा, कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारा, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढणारा. आमच्या नशिबाने आम्हाला तो शेजारी मिळाला. आमचं घर आणि काकांचं घर यांत एकच भिंत होती. कचऱ्याचा कोणता डबा बाहेर ठेवायचा याचा मेसेज ते आदल्या दिवशी पाठवायचे, आणि तो मी वाचला का हे बघायला मग बेल वाजवायचे. निशा, माझी बायको, सुरुवातीला वैतागायची. एकदा तिला आठवडाभर ताप आला आणि काकांनी दर दुपारी दारात गरम मऊभात ठेवला. त्यानंतर तिने वैतागणं सोडून दिलं.

काकांनी उभं आयुष्य हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलं होतं. दुसऱ्याने तपासलेली औषधं पुन्हा तपासायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर ते काम त्यांनी घरी आणलं. “बाबाच्या हातचा औषध मिळाला तर पेशंट लकी,” त्यांची मुलगी सायली म्हणायची. “घरातल्यांचा काही सांगता येत नाही.” सायली मँचेस्टरमध्येच जन्मलेली. तिच्या मराठीत औषध कधी पुरुष असायचं, कधी बाई. काका ते कधीच दुरुस्त करत नसत. बाकी सगळं दुरुस्त करायचे.

काकू आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच गेल्या होत्या. त्या असेपर्यंत काका विमानाने भारतात जात. नंतर गेले नाहीत. एकदा चहा पिताना मी कारण विचारलं.

“विमानात बसायची भीती नाही हो मला,” ते म्हणाले. “जमिनीवर आहे तोवर मी अगदी मजेत असतो.” मग चमच्याशी चाळा करत राहिले. “वर जाताना ही माझा हात धरायची. उतरेपर्यंत सोडायची नाही. जेवणसुद्धा एका हाताने जेवायची बिचारी.”

दुसऱ्यांच्या विमानांचीही काळजी त्यांनाच. निशा एकटी नागपूरला गेली, तेव्हा सकाळी उठून बघतो तर काकांचे ओळीने मेसेज. “निशा आता कास्पियन समुद्रावर आहे.” “थोडं हलत असेल, पण घाबरू नका.” “उतरली. झोपतो आता.” मी रात्रभर घोरत होतो. माझी बायको काकांनी एकट्याने मुंबईला नेऊन पोचवली होती.

सायली भूगर्भशास्त्र शिकली आणि ज्वालामुखींच्या मागे लागून सिसिलीच्या उत्तरेच्या छोट्या बेटांवर गेली. सात बेटं आहेत ती. त्यातलं एक कायम धुमसत असतं. संशोधन संपलं, ती मात्र तिथेच राहिली, कारण मधल्या काळात साल्वो भेटला होता. साल्वोच्या घरचा केपरचा मळा आहे. केपर म्हणजे झुडपाच्या कळ्या. त्या मिठात खारवून ठेवतात. काकांच्या फ्रिजमध्ये त्याच्या बरण्या असायच्या आणि वरणभाताबरोबर ते त्या लोणच्यासारख्या खायचे. पण बेटावर ते कधी गेले नव्हते. लग्नसुद्धा मँचेस्टरच्या कौन्सिलच्या ऑफिसात झालं, काकांसाठी.

मग सायलीला दिवस गेले.

“पहिलं बाळंतपण आहे,” काका कुंपणापलीकडून म्हणाले. “तिची आई असती तर कधीच जाऊन बसली असती.” आणि थोडं थांबून, “तुमचा युरोपचा व्हिसा आहे ना अजून? संपत तर नाही ना?”

मी म्हटलं, आहे, संपत नाही. ते बरं म्हणून आत गेले. स्वयंपाकघरात निशा मला म्हणाली, “अरे, ते तुला बरोबर चल म्हणतायत.”

“असं कुठे म्हणाले?”

“याहून जास्त ते नाही म्हणू शकणार. तू जा त्यांच्याबरोबर.”

तर असे आम्ही निघालो. मँचेस्टरहून लंडन, लंडनहून पॅरिस, पॅरिसहून मिलान, मिलानहून सिसिलीची रात्रीची गाडी, शेवटी मिलाझ्झो नावाच्या बंदरातून बोट. बेटांवर बाळंतपणाची सोय नाही. तिथल्या बायका दिवस भरत आले की समुद्र ओलांडून सिसिलीत येऊन राहतात. काकांनी बेटावर जायचं, थोडे दिवस लेकीच्या घरी काढायचे आणि मग तिला घेऊन अलीकडे यायचं, असं ठरलं होतं. दिवस भरायला अजून वेळ होता. काकांनी प्रत्येक दोन गाड्यांमध्ये इतकं अंतर ठेवलं होतं की मधल्या वेळात एखादं लग्न लावून झालं असतं.

निघायच्या आधी डिंकाचे लाडू झाले. साताऱ्याची बहीण व्हिडिओवर आणि काका कढईपाशी. युरोपात दुधातुपाचे पदार्थ नेऊ देत नाहीत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी लाडू खोबरेलात केले. त्या फोनवरून ओरडत होत्या, “अरे दादा, खोबरेल डोक्याला लावतात!” काका म्हणाले, “आणि तुपाचे जप्त केले तर?” लंडनच्या स्टेशनवर बॅगा मशीनमधून जाताना त्यांनी माझं कोपर धरून ठेवलं होतं. मशीनवरच्या बाईने लाडवांकडे बघितलंसुद्धा नाही. पॅरिस येईपर्यंत काकांना हेच लागून राहिलं. “बघायला हवं होतं तिने,” ते म्हणत होते. “असं कसं सोडतात?”

मिलानच्या गाडीत मी झोपलो. काका झोपले नाहीत. सकाळी जाग आली तेव्हा ते बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बर्थच्या काठावर बसलेले, आणि खिडकीत समुद्र. थोड्या वेळाने आमची गाडी तुकडे करून एका मोठ्या जहाजाच्या पोटात ढकलली. सिसिलीला पूल नाही, गाडी बोटीतूनच पलीकडे जाते. लोक उतरून डेकवर कॉफी प्यायला गेले. मी म्हटलं, “चला काका, वर जाऊ.” त्यांनी मान हलवली. “गाडी निघाली तर?”

“काका, गाडी बोटीत आहे. कुठे जाणार?”

तरी आले नाहीत. मग मीही गेलो नाही. अंधाऱ्या डब्यात आम्ही दोघं बसून राहिलो. खालून इंजिनाची घरघर येत होती. काका हळूच म्हणाले, “ही इथे असती तर वर जाऊन फोटो काढत बसली असती.”

मिलाझ्झोला उतरलो तर वारा सुटला होता. स्टेशनवरून बंदराला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीतून धूळ येत होती. धक्क्यावर तिकिटांची छोटी ऑफिसं, आणि वरच्या पाटीवर प्रत्येक बोटीपुढे एकच लाल शब्द. तो वाचायला इटालियन यावं लागत नाही. काऊंटरवरच्या बाईने हाताने लाटा करून दाखवल्या आणि खांदे उडवले. उद्या? पुन्हा खांदे. बाकड्यांवर बेटाची माणसं निवांत बसली होती. एका म्हातारीच्या पायाशी भाज्यांच्या पिशव्या, एकाजवळ नवीन कमोड खोक्यातला. त्यांना हे नेहमीचं होतं. काका उभे होते. चष्मा कपाळावर होता आणि ते पाटीकडे बघत होते. चष्म्याशिवाय त्यांना ती पाटी दिसत नसणार.

तेवढ्यात सायलीचा फोन आला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून काकांनी स्पीकर लावला, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

“बाबा, तू कुठे आहे?”

“मिलाझ्झोला. बोटी बंद आहेत बाळा. उद्या…”

“बाबा, माझा पाणी गेला.”

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“डॉक्टर आली इथली. ती म्हणते बाळ आडवा आहे, इथे नाही होणार. हेलिकॉप्टर येतोय, मेसिनाला नेणार. साल्वोला जागा नाही त्यात. बाबा, मी एकटी नाही जाणार.” मग ती रडायला लागली. “वारा बघ ना किती आहे. मला भीती वाटतो. मी नाही बसत. मी थांबते ना? उद्या बोट येईल ना?”

मी काकांकडे बघितलं. आता हे काय विचारणार हे मला माहीत होतं, आणि त्या एका प्रश्नाने ती पोरगी तिथेच बसून राहिली असती.

“चढ,” काका म्हणाले.

“बाबा…”

“सायली, ऐक. आलं की चढायचं. थांबायचं नाही.”

“तू तर कधी बसत नाही!”

“मला बसायला कारण नाही. तुला आहे.” त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, फार्मसीच्या खिडकीतून पेशंटला डोस समजावून सांगतात तसा. “वर जाताना पोटात गोळा येईल. येऊ दे. हलेल. हलू दे. शेजारी जो कोणी बसेल त्याचा हात धर. लाजू नकोस. आई माझा धरायची तसा घट्ट धर. आणि खाली उतरलीस की मी तिथे असेन.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

फोन बंद झाला. काका मटकन त्या म्हातारीच्या शेजारी बाकड्यावर बसले. तिने त्यांच्याकडे बघितलं, काय कळलं कोण जाणे, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मी मोबाईलवर बाळ, पोट, मेसिना असं काहीबाही दाखवलं तेव्हा अख्खं ऑफिस उठलं. काऊंटरवरची बाई दार ढकलून बाहेर धावली आणि कोपऱ्यावर निघालेल्या बससमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. कमोडवाल्याने आमच्या बॅगा उचलल्या. ती मेसिनाची बस होती.

त्या बसमध्ये मी काका झालो. गाडी का थांबली? पुढे ट्रॅफिक आहे का? हायवे लागला का? ड्रायव्हर एका गावात थांबून कोणाशी तरी गप्पा मारायला लागला तेव्हा मी ओरडायच्या बेतात होतो. काका खिडकीशी बसले होते. लाडवांचा डबा मांडीवर. नजर समुद्राच्या बाजूच्या आभाळावर. मध्येच त्यांनी माझा हात धरला आणि तो सोडला नाही. मी वर बघितलं. मला काही दिसलं नाही. ढग होते फक्त. “आत्ता असेल कुठेतरी,” ते म्हणाले. मग बराच वेळ नुसते ओठ हलत होते. रामरक्षा असेल, किंवा लेकीशीच बोलत असतील.

मेसिनाला उतरून हॉस्पिटल शोधेपर्यंत, चुकीच्या दाराने आत जाऊन बरोबर मजल्यावर पोचेपर्यंत उशीर झाला. हेलिकॉप्टर केव्हाच येऊन गेलं होतं. सायलीला ऑपरेशनला नेलं होतं. काका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. “मी तिला सांगितलं होतं मी तिथे असेन,” ते म्हणाले. एवढंच, पण ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कोणी इंग्रजी बोलणारं नव्हतं. दाराआड पावलं वाजायची, दार उघडायचं, पांढऱ्या कपड्यातलं कोणीतरी आमच्याकडे न बघता निघून जायचं. आम्हाला काहीही कळत नव्हतं. आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो, आणि माझं तर तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी एक नर्स बाहेर आली. तिने आमच्याकडे बघितलं, पाळीपाळीने, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, “पापा?” मी जोरजोरात मान हलवून काकांकडे बोट केलं. तिने भुवया उंचावल्या. काका छातीवर हात ठेवून म्हणाले, “नो, नो. तिचा पापा. तिचा.” मराठीतच. नर्स हसली आणि तिने दोन बोटं वर केली. जुळी? मग कळलं, तिला म्हणायचं होतं दोघी. दोघी ठीक आहेत. मुलगी झाली होती.

सायलीला खोलीत आणलं तेव्हा ती पांढरीफटक दिसत होती. काका दारातच थांबले.

“मला उशीर झाला गं,” ते म्हणाले.

“बाबा, तू आला,” सायली म्हणाली. मग डोळे मिटूनच हसली. “मी हेलिकॉप्टरच्या नर्सचा हात धरला. सोडलाच नाही. तिची अंगठी वाकली, बाबा.”

तेव्हा काका रडले. मी बाहेर गेलो.

बाळ लवकर आलं होतं, श्वास घ्यायला दमत होतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पुढचे दिवस वाईट गेले. मी ऑफिसमधून रजा वाढवून घेतली. वारा पडल्यावर पहिल्या बोटीने साल्वो आला, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. तो काकांच्या गळ्यात पडला आणि काकांनी त्याला लाडू दिला, कारण दुसरं काय द्यायचं ते त्यांना सुचेना. साल्वोने तो उभ्या उभ्या खाल्ला. सायली म्हणाली खोबरेलाचा वास येतो. तरी रोज एक खाल्ला तिने. काका सकाळ-संध्याकाळ त्या काचेपाशी उभे राहायचे. आत तारा, नळ्या, मशीनवर आकडे. नर्सला ते आकड्यांवरून खुणेने विचारायचे, ती अंगठा वर करायची. हळूहळू एकेक नळी निघाली. एका सकाळी ती पोरगी मोठ्यांदा रडली, आणि काकांनी निशाला फोन लावून तिला तो आवाज ऐकवला.

पुढे बाळाला घरी सोडल्यावर, समुद्र शांत बघून, ती सगळी मिलाझ्झोहून बोटीत बसली. मी मागे राहिलो, कारण माझी रजा संपली होती. ती बेटं मी अजूनही पाहिलेली नाहीत. काकांच्या हातात बाळ होतं, म्हणून खलाशाने त्यांचं कोपर धरून त्यांना आत घेतलं. त्याने बाळाकडे बघून काहीतरी विचारलं, बहुतेक नाव. काका म्हणाले, “ही आमची.” बोटीच्या काचेवर मीठ साचलेलं होतं. आतलं मला दिसलं नाही.

काका त्यानंतर मँचेस्टरला एकदाच आले, घर विकायला, तेही ट्रेनने. कागदपत्रांचं सगळं साल्वोने बघितलं. आता भिंतीपलीकडे एक तरुण जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत. त्यांचा कधी आवाज येत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी परतीच्या गाडीत बसलो होतो. काका पोचले का, समुद्र कसा होता, कोणाला त्रास तर झाला नाही ना, या विचारात मला खाणं सुचत नव्हतं. तिन्हीसांजेला सायलीचा मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तिचं मराठी. बरोबर फोटो होता. उघड्या दाराशी एका वेताच्या खुर्चीत काका बसलेले. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, छातीवर कपड्यात गुंडाळलेलं बाळ आणि त्यावर काकांचे दोन्ही हात. मागे अंगण, त्यामागे समुद्र.

“पोचला आम्ही,” तिने लिहिलं होतं. “बाबा झोपला. शूज पण काढला नाही. बाळ पण झोपली.”